काठ आला की सैल

नवघर, भाईंदर (पूर्व)
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

चि. साक्षी हिस,
पप्पांचा सप्रेम जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला फार उशीर केला, त्याबद्दल आधी माफी मागतो. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी तू गेलीस, आणि आज ऑगस्ट लागला. मधल्या काळात मी तीनदा पाकीट आणलं. पहिल्यात तुझ्या आईने औषधाच्या चिठ्ठ्या ठेवल्या. दुसऱ्यावर तुझ्या युनिव्हर्सिटीचा पत्ता लिहिताना शाई सांडली. हे तिसरं. केबिन रोडचा दुकानदार हसला. म्हणाला, "अंकल, आजकल चिठ्ठी कौन लिखता है?" मी म्हटलं, बेटी बंगलोरला आहे, मोठी शिकते आहे. त्याने पाकीट दिलं, वर एक पेन पण दिलं. हे त्याच पेनाने लिहितो आहे. मधेच उमटत नाही, तेव्हा शब्द तुटलेला दिसला तर पेनाचा दोष समज.

फोन का केला नाही, असं तू म्हणशील. फोनवर मी बोलतो कमी आणि खोकतो जास्त, हे तूच म्हणायचीस. शिवाय मी सातवी शिकलेला माणूस. लिहायला बसलो की निदान खोडता तरी येतं.

इकडे सगळं ठीक आहे. खोकला आहे तसाच आहे. गाळ्यात अर्धा दिवस जातो. पॉलिशच्या चाकासमोर आता जास्त वेळ उभं राहवत नाही, म्हणून शेठने मला तयार भांडी तपासायला बसवलं आहे. डब्याची झाकणं, तांबे, पातेली. एखाद्यावर ओरखडा दिसला की बाजूला काढायचं. बसून काम आहे. तू जेवतेस ना वेळेवर? वेणी घालतेस, की केस कापलेस? तुझी आई सकाळच्या पाळीला जायची तेव्हा मीच तुझी वेणी घालायचो. माझ्या हाताला घट्ट धरायची सवय. तू शाळेच्या दप्तरासकट ओरडायचीस, "सैल, पप्पा, सैल!" शेजारचे दार उघडून बघायचे.

एक गंमत सांगतो. रविवारी विहारात पंचशील मी पुढे बसून म्हणतो आणि बाकीचे माझ्यामागे म्हणतात, हे तुला माहीत आहे. गेल्या महिन्यापासून मी तिसऱ्या शीलावरून एकदम पाचव्यावर जायला लागलो. मला पत्ताच नाही. तिसऱ्या रविवारी शेवंतीबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "तात्याराव, तिसऱ्यावरून थेट दारूवर? मधलं चौथं कुणी खाल्लं?" लोक हसले. मीही हसलो. वय झालं, दुसरं काय.

आता ज्यासाठी पत्र घेतलं ते. तुझी आई सांगत होती की पंचवीस तारखेला तुमच्याकडे मोठे प्रोफेसर येणार, मशीनचा हात भांडं धरून पॉलिश करून दाखवणार आणि त्या मशीनच्या मनगटावर हात ठेवून तू स्वतः उभी राहणार. तू उभी राहू नकोस. तुमच्यात दुसरं कोणी असेल. हे लिहून मी परत वाचलं. दुसरं कोणी म्हणजे तेही कोणाचं तरी लेकरूच, तेव्हा तेही नको. एखादी बाहुली, पुतळा असं काही उभं करता येत नाही का?

कारण विचारशील. कारण असं काही नाही. चाक ते चाक. ओढणी घेऊन जाऊ नकोस, हातात घड्याळ ठेवू नकोस.

तुझे पप्पा,
तात्याराव


नवघर
रविवार, १० ऑगस्ट २०२५

चि. साक्षी,
सप्रेम जय भीम.

तुझं उत्तर नाही. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याने पावतीवरचा नंबर मोबाईलमध्ये टाकून बघितलं. पत्र सात तारखेला पोचलं आणि सही वॉचमनची आहे म्हणतो. वॉचमन चांगला आहे ना? त्याने टेबलावर ठेवलं आणि वर चहाचा कप ठेवला असं तर झालं नसेल? मिळालं असेल आणि तू उत्तर दिलं नसशील, तर तेही बरोबर आहे. मी तुला काय बोललो होतो ते मला आठवतं. "बापाला खोटं ठरवणारे हे कागद घेऊन पुन्हा या घरात येऊ नको." तू कागद घेऊन गेलीस. तुझे कागद म्हणजे तुझं शिक्षण, ते तू टाकून कशी येशील? हे मला जूनमध्ये कळलं.

काल तुझा फोन आला तेव्हा आईने स्पीकर लावला होता. मी लसूण सोलत बसलो होतो. ऐकत नव्हतो असं नाही. तू म्हणालीस, "आई, भांडं दोनदा सुटून उडालं. दोन्ही वेळा काठाशी. सर म्हणतात मशीनची पकड ढिली आहे, आता पकड घट्ट करतोय." तुझ्या आईने विचारलं, "लागलं का कोणाला?" तू म्हणालीस, "समोर जाड काच आहे गं, कोणी शेजारी उभं नव्हतं."

माझ्या हातातला लसूण खाली पडला. आई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, मुंगी चावली.

साक्षी, पकड घट्ट करू नका. पकड ढिली होती म्हणून भांडं एकटं उडालं. पकड घट्ट असेल तर चाक भांडं ओढेल, भांडं मशीनचा हात ओढेल, आणि त्या हातावर तुझा हात असेल. हे तुझ्या सरांना सांग. मी सांगितलं असं सांगू नकोस, तुला सुचलं असं सांग.

आता जानेवारीचं थोडं लिहितो, म्हणजे तुला काही उपयोग झाला तर होईल.

तू आठ दिवस आमच्या गाळ्यात आलीस. मशीनला शिकवण्यासाठी हाताचा दाब मोजणारा तुझा तो काळा हातमोजा, त्याच्या वायरी, लॅपटॉप. पहिल्या दिवशी कागद भरलास. माझ्याआधी दोन शिकाऊ कामगारांची मापं घेतली होतीस, म्हणून माझ्या कागदावर लिहिलंस, व्यक्ती क्रमांक तीन. मी तुला काही बोललो नाही. मनात आलं, जन्म दिला तिच्या कागदावर आपण तीन नंबर. शेठ सगळ्यांसमोर म्हणाला, "तात्याराव, बेटी का रोबोट आएगा तो तुम खाली चाय पीना!" सगळे हसले. तू पण हसलीस. मीही.

दुपारी डबा खाताना गुणवंत म्हणाला, "तात्या, तुझी पोरगी मास्तरीण आहे का जासूस?" दुसरा कोणी म्हणाला, "हात मोजून नेते आहे. एकदा हात गेला की हातवाला कशाला लागतो?" ते मस्करीत बोलत होते, पण जेवण कोणाच्या घशाखाली नीट उतरत नव्हतं. तू गेल्यावर मला तिथंच बसायचं होतं, त्यांच्यातच. हे तू समजून घेशील असं वाटतं.

तर त्या दिवसांत काठाशी माझा हात जरा जड पडला असेल. असेल म्हणतो. हातमोज्यामुळे झालं असेल. तो मोजा मला एक बोट मोठा होता. तेवढं तुमच्या हिशेबात कमी करून बघा.

उत्तर द्यायचं नसेल तर नुसतं आईला सांग की पत्र मिळालं.

तुझे पप्पा


नवघर
गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५

चि. साक्षी,

हे पत्र आज टाकत नाही. उद्या पोस्ट बंद. पण बसून राहवत नाही म्हणून लिहितो.

आज संध्याकाळी गुणवंत आला होता. तुझे गुणवंतकाका. लहानपणी तू त्यांची बोटं मोजायचीस, एक, दोन, अर्धं, अर्धं, अंगठा. आणि त्यांना विचारायचीस, "काका, बाकीची कधी उगवणार?" ते म्हणायचे, "दिवाळीला." तू दुसरीत होतीस तेव्हा त्यांची बोटं गेली होती. माझ्या शेजारच्या चाकावर. पातेलं होतं.

चहा घेता घेता तो म्हणाला, "पोरीला कळवलंस?"

मी म्हटलं, "दोन पत्रं लिहिली."

"काय लिहिलंस?"

"ओढणी घेऊन जाऊ नको. घड्याळ काढून ठेव."

"वा! हे तर गाळ्याच्या भिंतीवर पण लिहिलेलं आहे. आणि काठाचं?"

"हात जरा जड पडला असेल असं लिहिलंय."

गुणवंतने कप खाली ठेवला. "पडला असेल? तात्या, मी तुझ्या शेजारी उभा होतो. तिनं विचारलं, पप्पा, काठाला काय करता? तू म्हणालास, दाबतो. मी ओरडणार होतो. तोंडात आलं होतं माझ्या. तू माझ्याकडे डोळे वटारून बघितलंस."

"हळू बोल."

"हळूच बोलतोय. पोरगी तुझी आहे म्हणून हळू बोलतोय." मग त्याने आपला पंजा माझ्यासमोर धरला. "हा दाखवू का तिला फोनवर? मशीनला काय, बोट गेलं तर नवीन लावतील."

आम्हाला वाटलं तुझी आई मोरीत आहे. ती दारात उभी होती. पदराला हात पुसत म्हणाली, "गुणवंतभावजी, काय ओरडणार होता तुम्ही?"

गुणवंत माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, चहा झकास झालाय," आणि चपला घालून निघून गेला. इतकी वर्षं तो माझा मित्र आहे, पण संकटात पहिला तोच पळतो.

तुझ्या आईला मग मी सगळं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. दोन वाक्यांत झालं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडली नाही. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "याच्यावर हात ठेवला होता ना तुम्ही मे महिन्यात?"

मी मान हलवली.

तिने फोन लावून माझ्या हातात दिला. तू उचललास. "हां आई" म्हणालीस. मी तोंड उघडलं आणि खोकला आला. खोटा नाही, खराच आला. आईने फोन काढून घेतला. तू ऐकलंसच असेल ती काय म्हणाली. "साक्षी, पप्पांचं पत्र येतंय. ते वाचल्याशिवाय त्या मशीनला हात लावायचा नाही. पंचवीस तारीख असो नाहीतर सव्वीस." मग "हं" म्हणालीस.

मी आईला म्हटलं, तूच का नाही सांगून टाकलंस? ती म्हणाली, "शपथ तुम्ही घेतली. माझ्या तोंडून का उतरवता? लिहा." आणि भाकरी थापायला गेली.

ती म्हणते हं म्हणजे हो. मी म्हणतो हं म्हणजे हं. त्यात हो पण असू शकतो आणि "आता काय नवीन" असंही असू शकतं. म्हणून जीव थाऱ्यावर नाही.


शनिवार, १६ ऑगस्ट २०२५

साक्षी,

मी तुला खोटं दाखवलं. मुद्दाम दाखवलं. हातमोजा मोठा नव्हता. मोजा अगदी बरोबर बसला होता. तू तो माझ्या मापाचाच शिवून आणला होतास.

हे एवढं लिहून मी उठलो, पाणी प्यालो, गॅसचं बटण बघितलं, परत बसलो. आता पुढचं लिहितो.

काठाशी कोणीही पॉलिशवाला दाबत नाही. भांड्याच्या अंगावर दाबायचं. तळाला दाबायचं. पण काठ जवळ आला की हात सैल सोडायचा. भांडं चाकावर न्यायचं नाही, चाकाला भांड्यावरून जाऊ द्यायचं. काठाला धार असते. तिथे दाबलं की चाकाचं कापड त्या धारेत अडकतं आणि भांडं ओढून घेतं. नवा माणूस शिकत असतो तेव्हा जुना माणूस त्याच्या मागे उभा राहतो आणि काठ आला की ओरडतो, "सैल!" वर्षभर रोज ओरडतो. मग एक दिवस ओरडावं लागत नाही. मी पण असाच शिकलो. गुणवंतच्या मागे त्या दिवशी कोणी उभं नव्हतं, कारण तो जुना झाला होता.

तू वेणीच्या वेळी जे ओरडायचीस तो शब्द गाळ्यातलाच. तू आईबरोबर माझा डबा घेऊन यायचीस तेव्हा ऐकला होतास. तुला वाटायचं, पप्पांचा हात घट्ट झाला की असं म्हणायचं असतं. तुला शब्द माहीत होता. तो कशासाठी आहे तेवढं मी जानेवारीत सांगितलं नाही.

मे महिन्यात तू लॅपटॉप आणि छापलेले कागद उघडून मला हाताच्या दाबाच्या रेघा दाखवल्यास. म्हणालीस, "पप्पा, हे दोघे शिकाऊ काठाशी हात हलका करतात. तुम्ही एकटे दाबता. असं कसं? खरं सांगा, मी रागावणार नाही." तू खरंच रागावली नव्हतीस. मीच रागावलो. फोटोवर हात ठेवून म्हटलं, मी दाखवलं तेच खरं. तू लगेच म्हणालीस, "मग त्या दोघांचं काढून टाकते. ते शिकाऊ आहेत. मी तुमचा हात धरून चालते." ते ऐकून मी अजून जोरात ओरडलो. तुला वाटलं असेल, हा माणूस आता कशासाठी ओरडतो आहे? तू विश्वास ठेवलास म्हणून ओरडलो. तू ठेवला नसतास तर मी शांत बसलो असतो. घराबाहेर काढायचं बोललो ते तेव्हाच. तू न जेवता गेलीस. आईने वरणात घातलेली चिंच तशीच राहिली.

गेल्या पत्रात गाळ्यातल्या लोकांचं बोलणं असं लिहिलं, जणू त्यांच्यासाठीच केलं. तेही पूर्ण खरं नाही. लोक बोलले हे खरं. पण लोक मला असं करायला सांगत नव्हते. उलट गुणवंत ओरडणारच होता.

कारण वेगळं आहे. ते कसं लिहावं कळत नाही. तू सातवी पास झालीस त्या दिवशी मला आनंद झाला आणि जरा भीतीही वाटली, कारण त्याच्यापुढे मला तुला काही सांगता येणार नव्हतं. तुझी पुस्तकं मी नुसती पुसून ठेवायचो. घरात कोणी आलं की तू बोलायचीस आणि मी मान हलवायचो. माझ्याकडे एवढं एकच होतं जे तुला येत नव्हतं. माझा हात. तो शिकायला मला वर्षं लागली, रोज शिव्या खाल्ल्या. आणि तू आठ दिवसांत तो एका डबीत भरून नेणार होतीस, वर व्यक्ती क्रमांक तीन अशी चिठ्ठी लावून. मला वाटलं, सगळं घे, पण हे एवढं माझ्याकडे राहू दे. काठाचं एवढं. एक वीतभर सुद्धा नाही.

त्या नंबराचं तुझ्या आईने मला परवा समजावलं. तिला तू कधीच सांगितलं होतंस. नाव लिहीत नाहीत, कारण उद्या काही चुकलं तर कामगारावर कोणी बोट ठेवू नये. म्हणजे मी तुझ्या कागदाचा राग धरला, आणि तो कागद मलाच झाकून बसला होता. आता तो नंबर काढ आणि माझं नाव लिही. पूर्ण नाव लिही. तुझ्या सरांना सांग की चूक तुझी नाही. मशीन बिघडलेलं नाही, पकडीचाही दोष नाही. ज्याने शिकवलं त्यानेच चुकीचं शिकवलं. मशीन बिचारं सांगितलं तसं करत होतं.

त्या दोन शिकाऊ मुलांचं माप परत काढ. ते बरोबर आहेत. माझं फेकून दे.

पहिल्या दिवशी चाक सुरू असताना तू माझ्या कानाशी येऊन बोलली होतीस. "पप्पा, ही धूळ मशीनने खायची. तुम्ही लांब उभे राहायचं, तोंडाला फडकं बांधायची गरज नाही. फक्त तुमचा हात त्याच्या हातावर. तुमच्याशिवाय ते चालणार नाही, असंच मी बनवतेय." मी हात हलवून दाखवलं की चाकाच्या आवाजात ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं, साक्षी. सगळं आलं होतं. माझ्या रुमालावर काळं पडतं ते तू लहानपणी बघायचीस, म्हणून तू हा विषय घेतलास, हेही मला माहीत होतं.

आता झोपतो. झोप लागते का बघतो.


रविवार, १७ ऑगस्ट, दुपार

सकाळी विहारात गेलो. वरची पानं घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली होती. पुढे बसायचं नव्हतं, मागे खांबाशी बसलो. शेवंतीबाई म्हणाल्या, "पुढं या की. का चौथं अजून सापडलं नाही?" मी म्हटलं, तुम्हीच म्हणा आज. त्या म्हणाल्या, "मला दात नाहीत. लोकांना पाचही वेगळी ऐकू येतील." मग गेलो पुढे.

तिसरं झालं. खिशावर हात ठेवला, पानं आहेत का बघितलं. मग म्हटलं, मुसावादा. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. मागून सगळ्यांनी म्हटलं. आवाज नेहमीएवढाच होता. कोणाला काही विशेष वाटलं नाही. बाहेर चपला घालताना शेवंतीबाई एवढंच म्हणाल्या, "सापडलं वाटतं. कुठं होतं?" मी म्हटलं, भाईंदरलाच होतं, घरात. खिशातल्या पानांचं त्यांना काही बोललो नाही. ते आधी तुला.

उद्या सकाळी पोस्ट उघडल्या उघडल्या हे स्पीड पोस्टने टाकतो. गुरुवारपर्यंत तुला मिळायला हवं. पत्ता आईने लिहिला आहे, माझं अक्षर हलतं. पाकिटावर तुझा मोबाईल नंबरही घातला आहे आणि वॉचमनसाठी हिंदीत लिहिलं आहे, "कृपया आज ही देना." झेरॉक्सवाला म्हणाला, सगळी पानं काढून ठेवा. एक प्रत काढली. फोटो काढून मोबाईलवर पाठवा असंही म्हणाला. पण फोटो त्याच्या मोबाईलवर राहिले असते आणि त्याने ते निवांत वाचले असते, आणि आधी तू वाचावीस. तरी गुरुवारी पोचलं नाही असं दिसलं, तर लाज सोडून त्याच्याकडूनच पाठवीन. आईला तसं वचन दिलं आहे.

अजून एक. तुझी पंचवीस तारीख पुढे गेली तर मी येतो. गुणवंत गाडीत बसवून देईल म्हणतो. मोजा घालतो, परत पहिल्यापासून दाखवतो, आणि मशीन काठाजवळ आलं की तुझ्या सगळ्या सरांसमोर मागे उभा राहून ओरडतो. त्यांना मराठी येत नसेल तरी चालेल, मशीनला शिकवा. आणि नको असेन तर तेही स्पष्ट सांग, मी समजून घेईन. रागावली असशील तर रागाव. पण पकड घट्ट केलेल्या त्या मशीनवर हात ठेवू नकोस. बाकी सगळं नंतर.

आईकडे "हं" म्हणू नकोस. त्यातून मला काही कळत नाही, मी रात्रभर त्याचा अर्थ लावत बसतो. लांब पत्र नको, कागद नको, जय भीम सुद्धा नको. मोबाईलवर एकच शब्द पाठव, म्हणजे मला कळेल की वाचलंस आणि समजलीस. तोच, जो तू वेणी घालताना ओरडायचीस. फोन समोर ठेवून बसलेला असेन. लवकर पाठव, साक्षी.

तुझे पप्पा,
तात्याराव